सडा कुणी राखायचा?

पावसाळा लागला की कोल्हापूर जिल्ह्याची दोन तोंडं दिसतात. शनिवार-रविवारी बर्कीच्या धबधब्याकडे, राऊतवाडीला, मसाई पठाराच्या सड्यावर (सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं, खडकाळ पठार), गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर गाड्यांच्या रांगा लागतात. सोमवारी त्याच जागांवरच्या बाटल्यांचे, वेफर्सच्या पुड्यांचे आणि थर्माकोलच्या ताटांचे फोटो मोबाईलवर फिरतात आणि खाली सगळ्यांचा एकमुखी ठराव असतो : बंदी घाला. मग कुठे तरी बंदी लागते. चार आठवडे पोलीस रस्त्यावर भिजतात, पाऊस ओसरतो, गर्दी पांगते आणि विषय मिटतो. पुढच्या जूनला पहिल्यापासून सुरू.

बंदी मागणारे आणि गाडीचा टेप लावून धबधब्याखाली नाचणारे एकमेकांचे कट्टर विरोधक वाटतात, पण दोघांच्या डोक्यात चित्र एकच आहे. निसर्ग म्हणजे कुणी तरी आयती मांडून ठेवलेली वस्तू. एकाला ती वापरायची आहे, दुसऱ्याला ती कुलपात ठेवायची आहे. ती रोज कोण पुसतं, कोण सांभाळतं, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या जिल्ह्याचा पश्चिमेकडचा जो देखणा पट्टा आहे, शाहूवाडीपासून खाली चंदगडपर्यंतचा, तो बऱ्याच अंशी माणसांच्या हातांनी आजच्या रूपात राहिला आहे. ज्या वाड्यावस्त्यांच्या हातांनी तो राहिला, त्यांच्याकडे त्याचा कारभार, त्यातून येणारा पैसा आणि त्याची जबाबदारी, तिन्ही एकत्र गेल्याशिवाय तो टिकणार नाही. आजवरचा रिवाज असा की जबाबदारी गावाकडे ढकलायची आणि बाकीच्या दोन गोष्टी वर ठेवून घ्यायच्या.

माणसाच्या हातांनी राहिला, हे ऐकून निसर्गप्रेमी मंडळी नाक मुरडतील. पण राधानगरीचंच बघा. ज्या जलाशयाचे फोटो काढायला आपण जातो तो राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेल्या धरणाचा. दाजीपूरचं रान संस्थानच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, म्हणून ते तुटलं नाही. १९५८ साली तिथे गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. आणि २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून राधानगरी जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्या रानाच्या कडेने भाताची खाचरं उतरत गेलेली आहेत, बांधांवर जांभूळ-हिरडा आहे, मध्येच एखादी देवराई आहे जिथली वाळकी काटकीही घरी न्यायची गावाची छाती होत नाही. यातलं कुठलंच दृश्य आपोआप तयार झालेलं नाही.

सड्याचं तर विचारूच नका. मसाई पठार किंवा त्याच्यासारखे जांभ्याचे सडे परक्या माणसाला ओसाड माळ वाटतात. खडकावर इंच-दोन इंच माती, तीही निकस. पण हीच निकस माती तिथल्या फुलांचं भांडवल आहे. पावसाळ्यात खडकाच्या खोलगटात पाणी साचतं आणि सप्टेंबरच्या सुमारास गेंद, सीतेची आसवं, सोनकी, तेरडा असे रंग एकामागून एक चढत जातात. दवबिंदू नावाची चिमुकली वनस्पती तर किडे पकडून आपली भूक भागवते, कारण मातीत नत्र जेमतेमच. इथे कसदार माती असती तर उंच गवत आणि झुडपं माजली असती आणि ही बारकी मंडळी त्यांच्या सावलीत गुदमरून गेली असती. गवत माजू नये याची व्यवस्था कोण करत आलं? पिढ्यान्‌पिढ्या धनगरवाड्यावरची म्हसरं आणि शेरडं.

जवळच्या साताऱ्याने याचा धडा घेतला आहे. कास पठारावर गर्दी लोटायला लागली तेव्हा वन खात्याने जाळीचं कुंपण घातलं. हेतू चांगलाच होता. पण कुंपणाने माणसांबरोबर गुरंही बाहेर राहिली. काही वर्षांनी गवत वाढलं आणि फुलं विरळ झाल्याची ओरड सुरू झाली. गावकरी म्हणू लागले, अभ्यासकही म्हणू लागले. अखेर ते कुंपण काढावं लागलं. कासने दुसरी एक गोष्ट मात्र चांगली करून दाखवली : आसपासच्या गावांची समिती, पर्यटकांकडून शुल्क, रोजच्या संख्येला मर्यादा, आणि गावातल्याच पोरांना वाटाड्याचं काम. तिथे कधी फार गोंधळ होतो, कधी समितीवर टीकाही होते. पण गर्दीचं काय करायचं याचं उत्तर शोधायला तिथे निदान कुणी तरी उभं आहे. आपल्या मसाईवर एखाद्या रविवारी मोटार थेट फुलांत घातली तर 'ओ पाहुणं, गाडी मागं घ्या' म्हणायचा अधिकार नक्की कुणाचा, हे पाहुण्यालाही माहीत नसतं आणि गावालाही.

कायद्यात तो अधिकार नाही असं नाही. २०२० साली राज्य वन्यजीव मंडळाने सह्याद्रीतल्या आठ संवर्धन राखीव क्षेत्रांना मान्यता दिली; त्यात विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही आपल्या जिल्ह्यातली नावं आहेत. २०२२ मध्ये मसाई पठारही संवर्धन राखीव झालं. संवर्धन राखीव हा प्रकार अभयारण्यापेक्षा वेगळा आहे. वन्यजीव कायद्यानेच सांगितलं आहे की तो स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून जाहीर करायचा आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत त्या हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी घ्यायचा. म्हणजे दार उघडं आहे. आता आपापल्या सरपंचांना विचारा, या समितीची बैठक कधी झाली, तुम्ही काय मांडलंत, इतिवृत्त कुठे आहे? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव मी इथे लिहीत नाही.

जैवविविधता कायद्याचीही तीच तऱ्हा. २००२ च्या त्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही सांगितली. वर्षानुवर्षं फार काही हललं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, दंडाची भीती दाखवली आणि नोंदवह्या भराभर तयार झाल्या. घाईत भरलेल्या नोंदवहीत काय असायचं ते असतं : आंबा, फणस, मोर, ससा. गावच्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं असतं तर कुठला झरा मेपर्यंत टिकतो, कुठल्या ओढ्याकाठी कुठला कंद मिळतो, काजवे कुठल्या झाडांवर भरतात, कारवी याआधी कधी फुलली होती, हे सगळं आलं असतं. ही नोंदवही गावाने स्वतः पुन्हा लिहायला घेतली तर मला ते एखाद्या स्वागत कमानीपेक्षा मोठं काम वाटेल. कमान मात्र लगेच होते. तिला ठेकेदार असतो.

याच ओघात झाडं लावण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण सामूहिक काम म्हटलं की आपल्याला पहिलं तेच सुचतं. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. त्या आधी आणि त्या नंतर शाळा, मंडळं, कंपन्या, वाढदिवस, पुण्यतिथ्या, सगळ्यांनी खड्डे खणले. ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, पडक्या गायरानात ठीक आहे. पण सड्यावर झाडं लावणं हा अडाणीपणा आहे, आणि मी हा शब्द विचार करून वापरतो. जांभा फोडून खड्डा करायचा, बाहेरची माती आणून टाकायची, त्यात ग्लिरिसिडिया नाही तर ऑस्ट्रेलियन बाभूळ असली परदेशी झाडं लावायची आणि हिरवं केलं म्हणून फलक लावायचा. ज्या जागेला निसर्गाने झाडाविना ठेवलं आहे तिथे सावली करून आपण फुलांचं अंगण मोडतो. श्रमदान करणाऱ्या पोरांचा घाम खराच असतो, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. त्याच पोरांनी टणटणी आणि रानमोडी ही बाहेरून येऊन माजलेली झुडपं उपटली असती, किंवा डिसेंबरात जाळरेषा काढली असती, तर सड्याचं खरं भलं झालं असतं. पण उपटलेल्या झुडपाबरोबर कुणी फोटो काढत नाही.

जाळरेषा म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादी काडी, एखादी विडी, किंवा 'जाळलं की गवत चांगलं उगवतं' या जुन्या समजापायी मुद्दाम लावलेली आग डोंगरच्या डोंगर खाऊन टाकते. तिला अडवायला आधीच गवताचा एक पट्टा कापून, साफ करून ठेवावा लागतो. काम कंटाळवाणं आहे, कंबर मोडणारं आहे आणि ते दर वर्षी करावं लागतं. एखाद्या वर्षी सोडलं तर आधीच्या दहा वर्षांचं पाण्यात.

आपल्या जिल्ह्याने महाराष्ट्राला ज्या गोष्टी दिल्या त्यात कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. नदीत दगडी खांब आणि खांबांच्या खाचांत बसणारे बरगे, म्हणजे फळ्या. पावसाळा संपता संपता बरगे घालायचे, पाणी अडवायचं; पावसाळ्याआधी ते काढायचे, नदीला वाट द्यायची. घालायला उशीर झाला तर उन्हाळ्यात पाणी नाही, काढायला उशीर झाला तर पूर शेतात. बांधून सोडून दिला आणि चालला, असा तो बंधारा नाही. दर हंगामाला त्याला माणसं लागतात. देखणा मुलूख राखणं हे अगदी त्याच जातीचं काम आहे. आपली शासकीय यंत्रणा मात्र खांब बांधण्यात पटाईत आणि बरगे घालायला गैरहजर. अधिसूचना निघते, कुंपण पडतं, प्रवेशद्वार होतं, सेल्फी पॉइंट होतो, आणि त्यानंतर बारा महिने तिथे असायला हवा असा माणूस नेमायची तरतूद नसते.

ती तरतूद नसेल तर ते काम करायला गावाला कारण हवं. माझ्या मते अख्ख्या चर्चेतला कळीचा मुद्दा हाच आहे आणि त्यासाठी भुदरगड तालुक्यातल्या पाटगावचं उदाहरण जरा निवांत बघण्यासारखं आहे. मौनी महाराजांच्या मठाचं हे गाव. दक्षिण दिग्विजयाला निघण्याआधी शिवछत्रपती त्यांच्या भेटीला आले होते, असं परंपरा सांगते. वेदगंगेवरचं धरण उशाला, मागे घनदाट रान. या गावाची नवी ओळख 'मधाचं गाव' अशी झाली. महाबळेश्वरजवळच्या मांघरनंतर राज्यातलं हे अशा प्रकारचं दुसरं गाव. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या योजनेतून सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आल्या, प्रशिक्षण झालं, २०२३ साली केंद्राच्या ग्रामीण पर्यटन स्पर्धेत गावाला कांस्य श्रेणीतलं बक्षीसही मिळालं.

बक्षिसाचं मला फारसं कौतुक नाही. बक्षिसं येतात आणि कपाटात जातात. मला महत्त्वाचं वाटतं ते मधाचं गणित. सातेरी माशी पेटीपासून फार लांब जात नाही. पेटीभोवतीच्या रानात जांभूळ, हिरडा, कारवी अशी फुलं एकामागून एक मिळत गेली तरच पेटी भरते. रान तोडलं तर मध नाही. वणवा लागला तर मध नाही. शेतात औषधांचा मारा झाला तर माश्याच नाहीत. म्हणजे ज्याच्या परसात पेटी आहे तो माणूस डोंगरावर धूर दिसला की झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन पळणार, त्याला कुणी पर्यावरणाचं व्याख्यान द्यायची गरज नाही. त्याच्या मुलाच्या शाळेची फी त्या रानात आहे. पाहुणा मध घ्यायला येतो, जेवतो, एखादी रात्र राहतो. त्यालाही रान बघायचंच आहे. इथे राखणं आणि उपभोगणं हे दोन वेगळे विषय राहत नाहीत.

याचा अर्थ प्रत्येक गावाने मधमाश्या पाळाव्यात असा नाही. एका गावात चाललं की वीस गावांना तीच योजना लावायची, हा सरकारी सोस मला ठाऊक आहे. प्रत्येक गावाचं कारण वेगळं असेल. राधानगरी परिसरात मे-जूनला काजवे बघायला लोक येतात. आता काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे त्यांचं लग्न जुळवणं. त्यात गाड्यांचे दिवे आणि बॅटऱ्या मारल्या की त्यांना एकमेकांचा पत्ता लागत नाही. गावाने पाहुण्यांना गाडी लांब उभी करायला लावून, दिवे विझवून, पायी नेलं तर काजवेही राहतील आणि पुढच्या वर्षीचे पाहुणेही. कुठे तांदूळ असेल, कुठे देवराई, चंदगडात काजू, आजऱ्यात घनसाळ तांदूळ. कारण कोणतंही असो, पैसा त्या रानाच्या चांगल्या असण्यावर अवलंबून हवा.

आता विरोधी बाजू. माझे काही मित्र म्हणतात, तू गावाला फारच सोज्वळ समजतोस. वणवे कोण लावतं? सड्यालगतची जमीन फार्म हाऊसवाल्याला कोण विकतं? देवराईत सिमेंटचं देऊळ आणि सभामंडप कोण बांधतं? बॉक्साइटच्या खाणीला ना हरकत दाखला कुणाच्या सहीने जातो? सगळे प्रश्न रास्त आहेत.

बॉक्साइटचं तर नीट समजून घेतलं पाहिजे. ज्या जांभ्याच्या थरावर आपली फुलं उभी आहेत त्याच्यातच ते खनिज आहे, म्हणून शाहूवाडीपासून राधानगरी-चंदगडपर्यंत सड्यांवरच खाणी निघाल्या. हा थर पावसाचं पाणी मुरवून घेतो आणि खाली कड्याच्या पायथ्याला झऱ्यांतून सोडतो. वाड्यांचं उन्हाळ्यातलं पिण्याचं पाणी त्यातलं. तो थर काढून नेला की वरून कितीही खड्डे बुजवा, झाडं लावा, तो पाण्याचा साठा पुन्हा तयार होत नाही. तरीही खाण आली तेव्हा गावातल्या काही जणांनी तिला हो म्हटलं, कारण ट्रक होते, रोजगार होता, आणि त्याच्या बदल्यात कुणी दुसरं काही ताटात वाढत नव्हतं. ज्याला मुंबईला हमाली करायला जावं लागतं त्याला झऱ्याचं महत्त्व सांगणं सोपं नाही. म्हणून मी गावाला देव मानत नाही. मी एवढंच म्हणतो की सड्याच्या चांगुलपणातून घर चालायची सोय असेल तर 'नाही' म्हणायला बळ येतं. ते नसताना नुसत्या नीतीच्या बळावर 'नाही' म्हणा, असं कोल्हापुरातल्या फ्लॅटमध्ये बसून सांगायला मला लाज वाटते.

गाव म्हणजे एकजिनसी गोष्ट नाही हेही खरंच. रस्त्याकडेला ज्याची जमीन आहे त्याचं हॉटेल होतं. सड्यावर ज्याची म्हसरं चरतात त्या धनगरवाड्यावर कित्येकदा अजून धड रस्ताही नाही. ग्रामसभेत माईक कुणाच्या हातात असतो ते आपण सगळे जाणतो. त्यामुळे 'गावाकडे द्या' एवढं म्हणून भागणार नाही. वाडीवाडीची सभा आधी, मग गावाची. आलेल्या पैशातला ठरलेला वाटा जाळरेषा, झरे आणि गुराखी यांच्यासाठी. आणि पै-पैचा हिशेब चावडीच्या भिंतीवर, वाचता येईल अशा अक्षरांत. सहकारात आपल्या जिल्ह्याने डोंगराएवढं काम केलं आणि तिथेच हिशेबाची भांडणंही पाहिली. म्हणून हा मुद्दा आपल्याला कुणी शिकवायला नको.

सरकारने हात झटकावेत असंही मी म्हणत नाही. सड्यावर खाण नको, घाटमाथ्यावर डोंगर पोखरून बांधकामं नकोत, ही लक्ष्मणरेषा वरूनच यायला हवी. ती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या मर्जीवर सोडली तर पैशाच्या थैलीपुढे एकेक गाव वाकेल. पण रेषा कशी आखायची याचा एक वाईट नमुना आपल्यापुढे आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ साली पश्चिम घाटाचा अहवाल दिला. त्याचा गाभा असा होता की कुठे काय चालेल हे ग्रामसभांशी बोलून ठरवावं. तो अहवाल लोकांसमोर यायला मात्र २०१२ उजाडलं, तेही माहिती अधिकाराच्या लढाईनंतर. दरम्यान गावोगाव भीती पसरली की आता गोठाही बांधता येणार नाही. मग तो अहवाल पुन्हा तपासायला कस्तुरीरंगन समिती आली आणि २०१४ पासून २०२४ पर्यंत केंद्राने संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहा वेळा मसुदा काढला. सहा राज्यांतलं सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्र कागदावर संवेदनशील ठरलं आणि प्रत्येक मसुद्याला आपल्याकडे हरकतींचे गठ्ठे गेले. ज्यांना विचारून रेषा आखायची होती त्यांना ती वर्तमानपत्रातून कळली, तर ते दुसरं काय करणार?

पन्हाळ्याने हे अगदी अलीकडे अनुभवलं. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला आणि त्यात पन्हाळा आला. जिल्हा आनंदला. पण गडावर नगरपरिषद आहे, घरं आहेत, दुकानं आहेत, झुणका-भाकर विकून चालणारे संसार आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना आधीपासून धाकधूक होती की उद्या आपल्यालाच हलवतील की काय. हलवणार नाही असं सांगितलं गेलं. मला विचाराल तर नुसतं आश्वासन पुरेसं नाही. गडाच्या व्यवस्थापन आराखड्यात त्या झुणका-भाकरवालीला जागा आणि काम, दोन्ही लिहून हवं.

राहता राहिलं शहर. आम्ही कोल्हापूरकर आंदोलनात कुणाला हार जात नाही. टोल घालवला. शक्तिपीठ महामार्गाच्या विरोधात गावंच्या गावं उभी राहिली. नांदणीच्या मठातल्या हत्तिणीसाठी २०२५ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. ही ताकद फार मोठी आहे. पण ती अंगावर आलेल्या गोष्टीला परतवायची ताकद आहे. रोज झाडू मारायची नाही. शहराला वरच्या सड्यांची आठवण येते ती पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागल्यावर, आणि ४३ ची धोका पातळी ओलांडून खाली उतरलं की आठवणही उतरते. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी कुठल्या डोंगरातून येतात हे भूगोलात पाठ करून आपण मार्क मिळवले, तेवढ्यावर भागलं.

शहराचा वाटा कसा असावा याला एक तयार चौकट आपल्याकडे आहे. दर जुलैला पन्हाळा ते पावनखिंड अशी पदभ्रमंती निघते. १६६० च्या त्या रात्रीची आठवण म्हणून हजारो तरुण मसाई पठारावरून, करपेवाडी, पांढरेपाणी अशा वाड्यांतून चिखल तुडवत जातात. वाटेतली घरं त्यांना जेवू घालतात, ओसरीवर झोपवतात. तरुणांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्या मागे उरणारं प्लास्टिक त्या वाडीतल्या बायका गोळा करतात आणि पुढचे अकरा महिने त्या वाटेकडे कुणी फिरकत नाही. शेतात आपण पैरा करतो : तू माझ्या रानात आलास, मी तुझ्या रानात येतो. जुलैत ज्या वाडीचं जेवण खाल्लं, डिसेंबरात त्या वाडीच्या जाळरेषेला त्याच मंडळाची पंचवीस पोरं विळे घेऊन हजर, असा पैरा का होऊ नये? आपल्या तालमींना आणि मंडळांना माणसं जमवायला कुणी शिकवायची गरज नाही. गणपतीच्या वर्गणीला जे घरोघर जाऊ शकतात ते एका रविवारी सड्यावरही जाऊ शकतात. कापायचं कुठे, किती, कसं, हे मात्र वाडीतल्या माणसाने सांगायचं आणि शहरातल्या पोरांनी ऐकायचं. उलटं झालं की पुन्हा ग्लिरिसिडिया.

आणि पैसे द्यायचे. शुल्क म्हटलं की 'निसर्गावर कर कसला' असा ओरडा होतो. त्यातला एक भाग मला पटतो : गरिबाला डोंगर बघायला तिकीट पडू नये. म्हणून शुल्क माणशी न घेता गाडीवर घ्यावं. एसटीने किंवा पायी आलेल्याला माफ, शाळेच्या सहलीला माफ, दुचाकीला थोडं, चारचाकीला जास्त, आणि गाडी सड्याच्या खालीच थांबवून वर पायी. गर्दीच्या रविवारी जागा भरली की गाड्या परत. पावती वाडीच्या नावाने फाडलेली हवी. ज्याला चार लाखांची गाडी परवडते त्याला शंभर रुपयांचा राग येत असेल तर त्याने रंकाळ्यावर भेळ खावी, तीही चांगली असते.

हे सगळं सुरू करायला नवा कायदा लागत नाही. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. गवत अजून हिरवं असतं, पाहुण्यांचा हंगाम नुकताच संपत आलेला असतो, जमा-खर्च ताजा असतो. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर तीन ओळी टाकता येतात : जाळरेषा कुठून कुठे आणि कुणी काढायची, पावसाळ्यात पाहुण्यांकडून किती आले आणि कुठे गेले, आणि संवर्धन राखीवच्या समितीत आपल्या गावातर्फे कोण जातं व तो परत येऊन काय सांगतो. तिसऱ्या ओळीवर सभा गप्प राहिली, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीच्या ग्रामसेवकाने) वन खात्याला पत्र लिहून समितीच्या मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागवावं आणि उत्तर २६ जानेवारीच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावं.